दूध चालू होतं, बोलणं बंद होतं

पत्र थोडक्यात असं: नाशिकहून एका छत्तीस वर्षांच्या मैत्रिणीनं आठ पानी पत्र पाठवलंय (ओळख पटेल असं सगळं काढलंय, दोन-तीन तपशील मुद्दाम बदललेत). लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत इंजिनियर, ही शाळेत शिक्षिका, मुलगी तिसरीत, सासूबाई सोबत राहतात. नवरा मारत नाही, पीत नाही, बाहेर काही भानगड नाही. पण मनाविरुद्ध काही झालं की बोलणं बंद. कधी आठ दिवस, कधी पंधरा, आणि गेल्या दिवाळीच्या पाडव्यापासून सलग ४१ दिवस. त्या दिवसांत तो डबाही नेत नाही. भरलेला डबा ओट्यावर तसाच ठेवून जातो, संध्याकाळी ही तो उघडते, आंबलेली भाजी टाकते, डबा घासते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत भरते. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, हप्ता मात्र हिच्या पगारातून जातो. आई म्हणते, "अजून काय पाहिजे तुला?" मोठी बहीण म्हणते, "सोड आणि ये निघून." तिचा प्रश्न असा, की ताई, माझ्या संसारात खरंच काही बिघडलंय की माझ्याच अपेक्षा जास्त आहेत? राहू की निघू?

अगं, तुला सरळ अगं-तुगंच करते, आठ पानं वाचल्यावर अहो-जाहो करणं मला जमणार नाही.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू, ते कालनिर्णय. फ्रिजच्या बाजूला टांगलेलं, ज्यावर दूध नाही आलं की आपण फुली मारतो, मावशींची सुट्टी लिहितो, सिलेंडर कधी लावला ते लिहितो. त्यावर तू न बोललेल्या दिवसांचे निळ्या पेनानं ठिपके द्यायला लागलीस, कुणाला कळू नये म्हणून अगदी बारीक. आणि एक दिवस सासूबाईंनी चष्मा लावून विचारलं, "एवढे दिवस दूध बंद होतं का गं आपलं?" तू काही बोलली नाहीस. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वेळी कालनिर्णयवर जागा पुरली नसती."

म्हणजे काही बिघडलंय का, ह्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या घरातच कुणीतरी देऊन टाकलंय, आणि ते त्याच्या आईनं दिलंय. मी वेगळं काय सांगणार.

पण तू ते उत्तर धरत नाहीयेस, कारण तुझ्या हातात ती तीन 'नाही' आहेत. मारत नाही, पीत नाही, बाहेर काही नाही. आठ पानांत तू हे चार वेळा लिहिलंयस, मी मोजलं. आपल्याकडे नवऱ्याला पास व्हायला पस्तीस मार्क लागतात आणि तेही न केलेल्या गोष्टींचे मिळतात. तू शिक्षिका आहेस ना, मग सांग, एखाद्या पोरानं पेपर कोरा दिला पण कॉपी केली नाही, तर त्याला पास करतेस का?

ह्या तीन 'नाही'चा दुसरा घोळ असा की त्यामुळे तू सारखी इतरांशी तुलना करत बसतेस. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना नवरा मारतो, शाळेतल्या मॅडमचा नवरा तीन वर्षं घरी बसून आहे, त्यांच्यापुढे माझं काय. ह्या हिशेबानं जगातल्या सगळ्यात दुःखी बाईलाच तेवढी तक्रार करायची मुभा उरेल, बाकीच्यांनी गप्प बसायचं. लग्नात आपण म्हणतो "नांदा सौख्यभरे", आणि पुढे सगळे फक्त पहिला शब्द तपासत राहतात, नांदते ना, मग झालं, दुसऱ्या शब्दाची चौकशी करायला कुणी येत नाही.

आता त्या अबोल्याकडे येऊ. अबोला हा शब्द आपल्याकडे फार गोड करून ठेवलाय, रुसवा-फुगवा वगैरे. मीही धरलाय. एकदा पाच दिवस बोलले नव्हते घरात, कशावरून ते आता नीट आठवत नाही, बहुतेक मिक्सरवरून. पण त्या पाच दिवसांतही चहा दोघांचा होत होता आणि हे मिटणार आहे हे दोघांनाही माहीत होतं. काही पुरुष (बायकाही) खरंच भांडणात मुके होतात, त्यांना शब्दच सुचत नाहीत, कारण घरी लहानपणी कुणी बोलून भांडण मिटवलेलंच बघितलेलं नसतं. तुझा नवरा ज्या घरात वाढला ते बघता ह्यात थोडं तथ्य असणारच. अमेरिकेत जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना बसवून, भांडतानाचं त्यांचं रेकॉर्डिंग करून वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि संसार पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या: माणसावरच टीका, तुच्छता, कायम स्वतःचा बचाव, आणि चौथी ही, भिंत होऊन बसणं. ते म्हणतात की भिंत होणारा माणूस कित्येकदा आतून उकळत असतो, छातीचे ठोके शंभराच्या वर गेलेले असतात, त्या अवस्थेत त्याला काही ऐकूच येत नाही, म्हणून भांडण थांबवून निदान वीस मिनिटं बाजूला व्हावं आणि मग परत येऊन बोलावं.

वीस मिनिटं. ४१ दिवस नाही.

मग तुझ्याकडचा प्रकार नक्की कुठला, हे ओळखायचं कसं? तीन गोष्टी बघ. एक, तो सगळ्यांशीच मुका होतो की फक्त तुझ्याशी? तू लिहिलंयस की त्या ४१ दिवसांत तो सोसायटीच्या मीटिंगला गेला, मित्रांशी फोनवर हसून बोलला, मुलीला सायकल शिकवली. म्हणजे वाचा गेलेली नव्हती. दोन, हे नक्की कशानंतर सुरू होतं? भावाच्या वास्तुशांतीला गेलीस आणि रात्री राहिलीस, नऊ दिवस. त्याच्या मित्रासमोर गावाला गेल्याची तारीख दुरुस्त केलीस, पंधरा दिवस. पाडव्याला औक्षण करताना हसत म्हणालीस की यंदा ओवाळणीत फ्लॅटवर माझं नाव लावा, ४१ दिवस. तिन्हीत तू स्वतःची एक गोष्ट मागितलीस किंवा स्वतःचं डोकं चालवलंस, आणि मागणी जेवढी मोठी तेवढा अबोला लांब. आणि तीन, संपतं कसं? दर वेळी तू सॉरी म्हणतेस तेव्हा. मागच्या वेळचा मेसेज तू पत्रात उतरवलायस, "जे काही झालं असेल त्याबद्दल सॉरी." त्यावर त्यानं अंगठा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी डबा नेला.

हा रुसवा नाही गं. ही शिक्षा आहे, आणि तू ती भोगून वर माफी मागतेस. मी त्याला राक्षस म्हणत नाहीये, तो बहुधा स्वतःलाही असं कधी सांगत नसेल की मी हिला शिक्षा देतोय, त्याच्या मते तो 'शांत राहतोय'. पण तुझ्यावर होणारा परिणाम तोच. आणि हे नुसतं माझं मत नाही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीच्या बरोबरीनं शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचार म्हणून धरलाय. तू केस कर म्हणून हे सांगत नाहीये. 'मारत नाही ना' ही कसोटी कायद्यानं वीस वर्षांपूर्वी सोडली आणि आपली आई-मावशी अजून धरून बसल्यात, एवढंच लक्षात यावं म्हणून सांगतेय.

पुढे जायच्या आधी एक प्रश्न, आणि हा हे वाचणाऱ्या सगळ्याजणींना आहे. त्याच्याशी समोरासमोर बसून हे सगळं बोलायचं, असा नुसता विचार केला तर पोटात काय होतं? कंटाळा येतो, रडू येतं, की भीती वाटते? भीती म्हणजे तो काय करेल याची भीती. तुझ्या पत्रात कंटाळा आहे, अपमान आहे, थकवा आहे, भीती मला दिसली नाही, म्हणून पुढचं सगळं मी तुझ्यासाठी लिहितेय. पण जिच्या पोटात भीतीचा गोळा येतो, जिच्यावर एकदा का होईना हात उगारलाय, गळा धरलाय, फोन तपासतो, मुलाला घेऊन जाईन म्हणून धमकी देतो, तिनं माझा पुढचा 'बसून बोला' हा सल्ला अजिबात वापरू नये. तिचा प्रश्न राहू की निघू हा नाहीच, सुरक्षित कशी राहू हा आहे. विश्वासातल्या एका माणसाला सगळं सांगून ठेव, कागदपत्रांचे फोटो त्याच्याकडे पाठव, तातडीच्या मदतीचा ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर पाठ कर, लागलंय तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद करून घे. आणि जोडीनं समुपदेशनाला जायची घाई करू नको, तिथे जे बोलशील त्याचा हिशेब घरी येऊन होऊ शकतो.

हं, आता तुझ्याकडे परत. मला तुला एक जरा टोचेल असं विचारायचंय. हे सगळं तू आईला सांगितलंस, बहिणीला सांगितलंस, मला आठ पानं लिहिलीस. त्याला कधी सांगितलंस? भांडणात नाही, अबोल्यात मेसेज करून नाही, सगळं गोडीत चालू असताना. तू म्हणतेस, "त्याला काय सांगायचं, त्याला कळत नाही का?" कळत असेलही. पण तू दर वेळी सॉरी म्हणून दार उघडून देतेस, मग त्याला कळून करायचं काय? त्याच्या बाजूनं बघ, ही पद्धत दर वेळी चालते, खर्च शून्य, गरम जेवण चालू. त्याच्या वागण्याचं खापर तुझ्यावर नाही, ते त्याचंच. पण तू एकदाही स्पष्ट मागितलेलं नसताना 'तो बदलणार नाही' असं तू ठरवून टाकलंयस, आणि बहिणीनंही. आईनं उलटं ठरवलंय, की बदलायची गरजच नाही. दोघींनाही प्रत्यक्ष माहिती कमी आहे. आणि त्या घरात रात्री झोपायचं दोघींपैकी कुणालाच नाही.

म्हणून मला विचारशील तर आज निघू नकोस, पण आहे तसं राहूही नकोस. मधे एक टप्पा आहे.

त्याच्याशी बोलायला चांगला दिवस निवड, रविवार सकाळ वगैरे, मुलगी खाली खेळायला गेलेली. 'तू नेहमी असं करतोस' अशी सुरुवात केलीस की तो भिंतीमागे गेलाच म्हणून समज. 'नीट वागत जा' हेही नको, नीट म्हणजे काय हे कुणालाच कळत नाही. एक गोष्ट सांग, मोजता येईल अशी. "तुला राग आला तर सांग, आज बोलायचं नाही म्हण, मला चालेल. पण दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत आपण बसून बोलायचं. आणि मी काय चुकले हे कळल्याशिवाय मी यापुढे सॉरी म्हणणार नाही." एवढंच. शेवटचं वाक्य तुझ्या स्वतःसाठी आहे आणि ते पाळणं तुलाच सगळ्यात जड जाणार आहे, त्या सहाव्या-सातव्या दिवशी घरातली हवा अशी जड होते ना, की वाटतं जाऊ दे, म्हणून टाकू. नको म्हणूस. आणि डबा. जो डबा ओट्यावर राहिला तो दुसऱ्या दिवशी परत भरायचा नाही. भांडायचं नाही, सांगायचंही नाही, फक्त भरायचा नाही, कंपनीत कँटीन आहे.

हे सांगितल्यावर तो काय करतो, तिथे बघ. माझ्या मते राहू की निघू याचं उत्तर त्रास किती आहे यात कमी आणि ह्याच्यात जास्त असतं: 'मला हे दुखतं' असं म्हटल्यावर समोरचा माणूस काय करतो. ऐकून गडबडतो, चिडतो, पण दोन दिवसांनी परत येऊन विचारतो? की हसतो? की "तुझ्या आईनं शिकवलं का हे" म्हणतो? की ह्याच बोलण्याची शिक्षा म्हणून परत कुलूप? गॉटमन त्या चारांत तुच्छतेला सगळ्यात वाईट मानतात, आणि इतक्या वर्षांत लोकांची पत्रं वाचून मलाही तेच वाटतं. चिडका माणूस सुधारलेला मी पाहिलाय, मुका माणूस बोलायला शिकलेलाही पाहिलाय. बायकोच्या दुखण्यावर नाक उडवणारा सुधारलेला, फार कमी.

मुदत ठेव, सहा महिने म्हण. त्याला सांगायची गरज नाही, ती तुझी. पहिले पंधरा दिवस सगळं गुलाबी होईल, गजरा आणेल, मिसळ खायला नेईल, त्याला भुलू नकोस, वाईटही वाटून घेऊ नकोस, नुसतं बघ. तिसरा महिना खरा. आणि एखाद्या समुपदेशकाकडे दोघं जाता येतं का विचार, तो नाही आला तर तू एकटी जा, ह्यात 'माझ्यात काही दोष आहे म्हणून' असं काही नाही. रात्री झोप लागत नाही म्हणालीस, त्यासाठी १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करता येतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मुलीबद्दल. "तिच्यासाठी राहावं लागेल" हे तू असं लिहिलंयस की जणू त्यात विचार करण्यासारखं काही नाही. आहे. पान पाचवर तू सहज लिहून गेलीस की ती शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी विचारते, "आज तुमचं बोलणं चालू आहे का?" कारण बंद असेल तर निरोप्याचं काम तिच्याकडे. "पप्पांना सांग जेवायला वाढलंय." "आईला विचार माझी निळी फाईल कुठंय." आठ वर्षांची पोर घरात येताना आधी हवामान बघते. घटस्फोटानं मुलांना काही होत नाही असं मी म्हणणार नाही, होतं, दोन घरं, पैशाची ओढाताण, शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचं, गणपतीला कुणाकडे. पण ह्या घरात ती जे शिकतेय तेही फुकट नाहीये. प्रेमाच्या माणसानं बोलणं बंद केलं की आपण जेवण गरम करून ठेवायचं आणि सॉरी म्हणायचं, हे ती रोज बघतेय. तेव्हा 'मुलीसाठी राहायचं' आणि 'मुलीसाठी निघायचं' ही दोन्ही वाक्यं सध्या बाजूला ठेव, आणि आजपासून एकच कर, तिच्या हातून एकही निरोप पाठवायचा नाही. जेवायला वाढलंय हे स्वतः मोठ्यानं म्हण. तो उत्तर देवो न देवो. तिला सांग, "आमचं आम्ही बघू बाळा, हे तुझं काम नाही."

आता रुक्ष पण फार महत्त्वाचं, कागद. राहायचं ठरलं तरी हे करायचंच आहे, म्हणून ह्याला निघायची तयारी समजू नकोस.

हप्ता तुझ्या खात्यातून जातो आणि फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, हे ऐकून मी डोक्याला हात लावला. आपल्याकडे घटस्फोट झाला की मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही, ते इंग्रजी सिनेमात. कागदावर ज्याचं नाव त्याचं घर, आणि तू पैसे भरलेस हे तुला दाखवावं लागेल. म्हणून अकरा वर्षांची बँक स्टेटमेंट काढून ठेव, कर्जाच्या कागदावर तुझी सही सहकर्जदार म्हणून आहे का बघ, इंडेक्स टू ची, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत काढ. नाव लावायला फार खर्च येतो असं तो म्हणाला ना, राहतं घर बायकोला बक्षीसपत्रानं द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकीचे आकार वेगळे आणि कर्ज चालू असल्यानं बँकेची परवानगी लागेल, पण 'लाखो रुपये जातात' हे काही खरं नाही. पाडव्याची मागणी तू हसत केलीस, आता न हसता कर. नाही म्हणाला तर हप्ता निदान निम्मा-निम्मा, तुझ्या नावावर नसलेल्या घराचा सगळा हप्ता तू का भरायचा ह्याचं उत्तर त्याच्याकडूनच घे.

तुझे दागिने, माहेरचे असोत की सासरचे, लग्नात तुला दिलेले, ते तुझं स्त्रीधन, त्यावर हक्क तुझा एकटीचा. फोटो काढ, पावत्या शोध, लॉकर कुणाच्या नावावर आहे बघ. आणि पगारातले थोडे तरी पैसे वेगळ्या खात्यात पडू देत. ह्याला लपवाछपवी म्हणायचं कारण नाही, त्याचं स्वतःचं खातं आहेच की.

आणि समजा सहा महिन्यांनी लक्षात आलं की काही हलत नाही. तर पुढे काय असतं हे आधी माहीत असलेलं बरं, कारण अर्ध्या बायका नुसत्या 'कोर्टाची पायरी' ह्या शब्दाला घाबरून राहतात आणि अर्ध्या रागात बॅग भरून निघतात. घर सासूबाईंच्या, सासऱ्यांच्या नावावर असलं तरी संसार जिथे झाला तिथे राहायचा हक्क बायकोला आहे, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय, तेव्हा "माझं घर आहे, निघ" असं कुणी म्हटलं म्हणून लगेच निघायचं नसतं (जीवाला धोका असेल तर मात्र आधी निघायचं, हक्काचं मागून बघू). दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, वेगळं म्हणजे नवरा-बायको म्हणून नाही, छप्पर एकच असलं तरी चालतं. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं, पण २०१७ पासून कोर्ट योग्य वाटलं तर तेही माफ करू शकतं. संमती नसेल तर क्रूरता वगैरे कारण सिद्ध करावं लागतं, त्यात मानसिक क्रूरताही येते, पण वर्षं जातात. 'संसार कायमचा मोडलाय' हे एवढंच कारण हिंदू विवाह कायद्यात अजून नाही, सुप्रीम कोर्ट आपल्या खास अधिकारात तसा घटस्फोट देऊ शकतं हे २०२३ मध्ये ठरलं, पण ते कौटुंबिक न्यायालयाला लागू नाही. पोटगीच्या प्रकरणात २०२० पासून दोघांनाही कमाई आणि मालमत्ता शपथेवर लिहून द्यावी लागते, आणि मुलीचा खर्च दोघांवर. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस, बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारतर्फे वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टातच असतं, १५१०० वर फोनही करता येतो. नुसती माहिती घ्यायला गेलं म्हणजे घटस्फोट होत नाही.

"लोक काय म्हणतील" हे तू लिहिलंच आहेस, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं रखमाबाईंना सांगितलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. लोक तेव्हा काय काय म्हणाले ते वर्तमानपत्रांत छापून आलं, अगदी मोठमोठ्या लोकांनी लिहिलं. नंतर त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने चालवले. तुला तुरुंगात जायचं नाहीये, सोसायटीच्या हळदीकुंकवात दोन प्रश्न ऐकायचेत, तेही निघालीस तर.

जाता जाता हे वाचणाऱ्या पुरुषांना, कारण तुमचीही पत्रं येतात: बायको महिना महिना बोलत नाही, मुलांना तुमच्याविरुद्ध शिकवते, तर वरचे तीन प्रश्न तुम्हालाही तसेच लागू आहेत. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बायकांसाठी आहे, पण क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट दोघांनाही मागता येतो. आणि ज्यांनी हे वाचताना मनात म्हटलं असेल की मी तर फक्त शांत राहतो, त्यांनी आज रात्री बायकोला विचारून बघा, तिला ते कसं वाटतं.

आता तुला एक काम. नवीन कालनिर्णय लागलंच असेल. ठिपके बंद करू नकोस, फक्त लपवून देऊ नकोस, आणि रंग दोन घे. न बोललेला दिवस निळा. आणि ज्या दिवशी त्यानं आपण होऊन, तू सॉरी न म्हणता, बोलायला सुरुवात केली, तो दिवस हिरवा. मन फार लबाड असतं, एका चांगल्या रविवारी मागचे तीन महिने पुसून टाकतं आणि एका वाईट रात्री अकरा वर्षं काळी करून टाकतं, कागद असं करत नाही. तो विचारेल हे काय आहे म्हणून. सांग त्याला. सासूबाईंना तर माहीतच आहे. त्यांच्याशी मात्र बोल गं मोकळं, तो चेन्नईला ट्रेनिंगला गेला होता त्या आठ दिवसांत तुम्ही तिघींनी रात्री दहा वाजता भेळ केली आणि सासूबाई हसून हसून ठसका लागेपर्यंत हसल्या असं लिहिलंयस, त्या बाईकडे तुला सांगण्यासारखं बरंच काही असणार. त्यांना हे विचार, की तुम्ही का राहिलात, आणि परत संधी मिळाली असती तर काय केलं असतंत. उत्तर काहीही येवो, ते तुझ्या आईच्या आणि बहिणीच्या उत्तरापेक्षा जवळचं असेल.

श्रावणात मला लिही. आठ पानं नकोत, निळे किती आणि हिरवे किती एवढं कळवलंस तरी चालेल.